तराजूछाप पैसा

फिलू,

चर्चमध्ये त्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल छान बोलले. लॅबमधली तुझी बॉस म्हणाली, फिलोमिनाच्या हातची स्लाइड कधी परत करावी लागली नाही. क्वायरमधल्या बायका तुझ्या आवाजाबद्दल बोलल्या. वसईच्या मंडळींनी तुझ्या सुक्या बोंबलांच्या चटणीची आठवण काढली. मेलबर्नच्या क्रेगीबर्नहून आलेला तुझा मुलगा नील बोलायला उभा राहिला, "मॉम वॉज..." एवढं म्हणाला आणि परत खाली बसला. मी मागच्या बाकावर होते. ही बाई मेंढ्यांच्या लेंड्यांत गुडघे टेकून, कानांना हेडफोन लावून, एका हाताने माशा हाकलत जमीन उकरायची, हे मात्र कुणीच बोललं नाही. 'कसलंसं मशीन घेऊन फिरते' इतपत काहींना माहीत असेल. तेवढंच. म्हणून ते मी लिहितेय.

आपली ओळख मिलिंदच्या अंगठीमुळे झाली. इथे सिडनीत, वेंटवर्थव्हिलच्या ग्राउंडवर रविवारची मॅच खेळून नवरा घरी आला तो बोट मोकळं घेऊन. मी रडवेली. वाण्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, वेस्टमीडला एक आंटी राहतात, त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर आहे. तासाभरात तू हजर, गमबूट आणि चाळणीसारखी भोकं पडलेली हॅट घालून. मी "अहो, तुम्हाला त्रास..." असं सुरू केलं तर म्हणालीस, "अहो-बिहो नको गं. मी अख्ख्या लॅबला मेट म्हणते."

अंगण झाडावं तसं तू ते ग्राउंड झाडून काढलंस. बाटल्यांची बुचं निघाली, कॅनच्या कड्या निघाल्या, गुलाबी पडलेली पाच सेंटची नाणी निघाली, सरड्याचं चित्र असलेलं जुनं दोन सेंटचं निघालं. अंगठी काही निघाली नाही. संध्याकाळी ती मिलिंदच्या बॅटिंग ग्लोव्हच्या बोटात सापडली. तुला फोन करताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तू खदाखदा हसलीस. "बरं झालं. सोनं शोधण्यात मजाच नाही. शंभर वर्षं मातीत ठेव, जसंच्या तसं बाहेर येतं. मजा तांब्यात आहे." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "शनिवारी येतेस का?"

मी का आले, मला आजही सांगता येणार नाही. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे. शनिवारी कुठलीही स्क्रीन नसलेल्या ठिकाणी जावं एवढंच बहुतेक वाटलं असेल. मुलं मोठी होऊन युनीला गेली होती. घरात मराठी बोलायला मिलिंद होता, आणि त्याच्याशी जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

ब्लू माउंटन्स ओलांडून, बाथर्स्टच्याही पुढे बेव्हचं शेत. बऱ्याच फाटकांवरून नकार घेत घेत तू तिच्यापर्यंत पोचली होतीस. तीच पहिली "गो ऑन देन, खड्डे बुजवा म्हणजे झालं" म्हणाली होती. पंचाहत्तरीची, एकटी, मेंढ्या आणि दोन कुत्रे. तुला ती फिल म्हणायची. जाताना गाडीत माझी थालिपीठं आणि तुझे बोंबील यांचा मिळून जो वास सुटायचा, तो सीट धुऊनही गेला नाही. तू वसईच्या चर्चमधली मराठी गाणी म्हणायचीस. मला ती हळूहळू पाठ झाली. पुण्यातल्या माझ्या आईला हे मी कधी सांगितलं नाही, पण फोनवर एकदा गुणगुणले तेव्हा ती म्हणाली, "चाल गोड आहे गं, कुठलं भजन?"

माती वाचायला मला तू शिकवलंस. बेव्हच्या वरच्या रानात भुरभुरीत, दगडी माती, वर वर्षानुवर्षं टाकलेलं खत. तिथली पेनी हातात घेतली की राजाचं नाक गेलेलं, कान गेलेले, नुसती खडबडीत हिरवी चकती. तू त्याला "देवी आलेला राजा" म्हणायचीस. चांदीचं नाणं मात्र तिथूनच काळं किंवा राखाडी होऊन निघायचं, आणि थोड्याशा पाण्याने चेहरा ओळखू यायचा. खाली ओढ्याकाठी काळी चिकणमाती. "इथे हवा शिरत नाही," तू सांगितलंस. "हवा नाही, पाणी हलत नाही, मग गंजायला घाईच नाही." तिथलं तांबं चॉकलेटसारखं गुळगुळीत निघायचं. मी लगेच अंगठ्याने चोळायला जायचे आणि तू माझ्या हातावर फटका मारायचीस. "घासू नकोस! वरची माती म्हणजे घाण नाही, तीच त्याची कातडी आहे."

यावर आपण किती भांडलो. माझं म्हणणं, नाणं आहे तर काय लिहिलंय ते दिसायला नको? तुझं म्हणणं, दिसायची घाई कुणाला आहे, त्याला की तुला?

तो पैसा सापडला तेव्हा थंडीचे दिवस होते, गवतावर दव गोठलेलं. ओढ्याच्या वळणावर मशीनने पेनीचा आवाज दिला, पण जरा जाड, थांबून थांबून. तू हेडफोनची एक बाजू काढून माझ्या कानाला लावलीस. "ऐक. पेनी नाहीये ही." वीतभर खाली काळ्या मातीत तो आडवा बसलेला होता, जाडजूड, ढब्बू. तू बाटलीतलं पाणी थेंब थेंब सोडलंस. आधी एक आडवी रेघ दिसली, मग दोन लोंबती पारडी.

"तराजू?" मी म्हणाले.

तुझे नुसते ओठ हलत होते.

घरी तुझ्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं तेव्हा दुसऱ्या बाजूला दोन सिंह आणि ढालीसारखं काहीतरी निघालं. वर्ष झिजून गेलेलं. पारड्यांच्या मधली अक्षरं तुझ्या लॅबमधल्या लाहोरच्या मुलाने फोटोवरून वाचली: अदल. म्हणजे न्याय. रात्रीचं जेवण अर्धं टाकून तू मला फोन केलास. "अनू, मुंबईचा आहे! कंपनी सरकारच्या वेळचा मुंबईचा पैसा. आपल्या मुंबईचा, मेंढ्यांच्या शेतात!"

मग तो आजारी पडला. काही आठवड्यांत त्याच्या कडेला फिकट हिरव्या पिठाचे ठिपके आले. पुसले की पुन्हा येत. तुला कारण लगेच कळलं. ओढ्याकाठी बेव्ह मेंढ्यांना चाटायला मिठाचे ठोकळे ठेवते, तिच्या आधी तिचा बापही ठेवायचा. ते मीठ मातीत उतरलं, मातीतून तांब्यात. जमिनीत होता तोवर सगळं दबून होतं. बाहेर काढला, सिडनीची दमट हवा लागली, आणि आतलं मीठ कामाला लागलं. "म्हणजे आपणच त्याला मारतोय," मी म्हणाले. "मारत नाही. काढलाय आपण, तर आता सांभाळायचाही आपणच," तू म्हणालीस, आणि डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आणल्यास. कितीतरी आठवडे तो तुझ्या ओट्यावर काचेच्या पेल्यात पडून होता. तू पाणी बदलायचीस, बदललेल्या पाण्यात मीठ किती उरलंय ते तपासायचीस. नील फोनवर म्हणाला होता म्हणे, "मॉम, इट्स अ कॉइन, नॉट अ पेशंट." अखेर पाणी स्वच्छ यायला लागलं. तू तो वाळवलास, डबीत घातलास, शेजारी ओल शोषणारी पुडी ठेवलीस आणि म्हणालीस, "चल, मालकिणीला परत करू." जमीन बेव्हची, तर पैसाही बेव्हचा, यावर तुझं माझं एकदाच एकमत झालं.

बेव्हने तो तिच्या किचनच्या खिडकीपाशी उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "हा हिंदूचा असणार."

आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

तिची आजी सांगायची, वर्षातून एकदा एक हिंदू घोडागाडी घेऊन यायचा. कापड, सुया, दोरे, अत्तराच्या बाटल्या विकायचा. ओढ्याकाठी उतरायचा, पोरांना खडीसाखर द्यायचा. एका वर्षी ताप भरला आणि तो तिथेच गेला. घरच्यांनी काठावरच कुठेतरी पुरला. नाव कुणी विचारलं नव्हतं. दगड लावला नव्हता.

"हिंदूला पुरला?" तू विचारलंस.

"तेव्हा सगळ्यांना हिंदूच म्हणायचे, लव्ह. पगडी होती एवढं ग्रॅन सांगायची."

तू चहाचा मग ठेवलास, दाराशी ठेवलेलं मशीन उचललंस आणि सरळ ओढ्याकडे चालायला लागलीस. मी मागून. वळणापाशी पोचलीस, मशीनचं बटण बंद केलंस, हॅट काढलीस. वारा बोचरा होता. "इथे आता खणायचं नाही," म्हणालीस. मग जरा वेळाने, "म्हणजे बघ, तो शीख नाहीतर मुसलमान, मी कॅथलिक, तू पुण्याची, आणि बेव्हच्या आजीच्या हिशेबात आपण सगळे हिंदू." हसलीस, पण डोळे पुसलेस.

परतीच्या गाडीत जे भांडण पेटलं ते लिथगोपासून पॅरामाटापर्यंत चाललं. खरं तर ते संपलंच नाही, पुढे बेव्हसमोरही चालू राहिलं.

"त्याचाच पैसा आहे," तू म्हणालीस.

"कशावरून? त्या काळात इथे जगभरची नाणी यायची. खलाशी यायचे, सैनिक यायचे. कुणाच्याही खिशातून पडला असेल."

"तो तिथे उतरायचा. पैसा तिथे सापडला."

"याला पुरावा म्हणत नाहीत, फिलू. माझ्याकडे असं टेस्टिंग कुणी आणलं तर मी परत पाठवेन."

"इथे त्याला तो पैसा चालणार नव्हता. एक सुईसुद्धा आली नसती त्यात. मग का जपला असेल?"

"खिशात काहीही राहतं. माझ्या पर्समध्ये अजून पुण्याच्या फ्लॅटची किल्ली आहे. फ्लॅट विकून किती वर्षं झाली."

"तेच तर म्हणतेय मी," तू म्हणालीस, आणि खिडकीबाहेर बघायला लागलीस.

मी तरी सोडलं नाही. तुझ्यासारख्या बाईने, आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या बाईने, असं हवेतलं बोलावं याचा मला राग येत होता. शेवटी तू म्हणालीस, आवाज न चढवता, "आयुष्यभर लोकांना पुरावा देत आले, अनू. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. आता एकदा मला पुराव्याशिवाय मानू दे की."

मला ते वाक्य वाद टाळण्यासाठी टाकलेलं वाटलं. तुला तेव्हा तुझा रिपोर्ट कळून पंधरवडा झाला होता, हे मला माहीत नव्हतं.

वेस्टमीड हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये सांगितलंस. मी तुला घ्यायला आले होते, तुझी शिफ्ट संपली असेल असं समजून. तू लिफ्टमधून आलीस, गाडीत बसलीस, पट्टा लावलास. "मला बरं नाहीये. आणि बरं होणारही नाही. आता गाडी काढ, तिकिटाची वेळ संपेल." मी गाडी काढली नाही. तू माझ्या हातावर हात ठेवलास, नेहमीचा फटका नाही, नुसताच ठेवलास. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर बोट उगारलंस. "आणि एक. माझी आणि त्या पैशाची तुलना करायची नाही. मिठाचं पाणी, आतून पोखरणं, असलं काही लिहिलंस-बोललंस तर बघ. तो तांब्याचा आहे, मी माणूस आहे." बघ, नाही करत.

शेवटचे गेलो तेव्हा तुला वाकता येत नव्हतं. बेव्हने तुझ्यासाठी वरच्या रानात घडीची खुर्ची टाकली, अंगावर तिच्या नवऱ्याचा जुना कोट घातला. मशीन माझ्या हातात, हेडफोन काढलेले, आवाज मोकळा सोडलेला. तू डोळे मिटून बसलीस आणि नुसत्या आवाजावरून सांगत गेलीस. "कॅनची कडी, सोड." "काडतुसाचं बूड." "मेंढीच्या कानातला बिल्ला. खण हवं तर, पण बिल्लाच आहे." प्रत्येक वेळी बरोबर. एकदा तू म्हणालीस "चांदी", आणि मी खणलं तर शिसपेन्सिलीच्या रंगाचं सहा पेन्सचं नाणं निघालं. मी ते न घासता तुझ्या तळहातावर ठेवलं. तू डोळे उघडलेस, त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "शिकलीस," म्हणालीस. मला कुठल्याच परीक्षेत असं वाटलं नव्हतं.

तेव्हा तुला सांगायचं होतं, की या देशात मी इतकी वर्षं राहिले ती ट्रेनमध्ये, ऑफिसमध्ये, मॉलमध्ये. पायाखाली काय आहे ते पहिल्यांदा तुझ्यामुळे पाहिलं. सांगितलं नाही. बेव्ह स्कोन्स घेऊन आली आणि ते राहिलं ते राहिलंच.

तू गेल्यावर आठवडाभराने बेव्हचा फोन आला. तिला मी कळवलं होतंच. फ्यूनरलला एवढ्या लांब यायला तिला जमलं नव्हतं. म्हणाली, "फिलला सांगायचं होतं, आता तुलाच सांगते." तिच्या चुलतभावाकडे घरच्या जुन्या वस्तूंचा डबा आहे, त्यात एक सैनिकी पदक निघालं. तिचा खापरपणजा, हे शेत ज्याने पहिल्यांदा घेतलं तो, फौजेत होता. हिंदुस्तानात. नोकरी संपल्यावर मुंबईहून जहाजाने थेट सिडनीला आला. "म्हणजे पैसा त्याचाच असणार. तुझंच खरं निघालं, लव्ह."

फिलू, जिंकले मी. सैनिक म्हणाले होते, सैनिकच निघाला. मी किचनमध्ये उभी होते, फोन कानाला, आणि मला काय झालं कळलं नाही, मी ताडकन म्हणाले, "असं कसं? त्याचं घर टेकडीवर होतं. पैसा ओढ्याकाठी सापडला."

"पुराने वाहून आला असेल."

"टेकडीवरून? पूर खालून येतो, बेव्ह. आणि जड नाणं वाहत नाही, बसतं."

"नांगराने ओढला असेल मग."

"ओढ्याच्या वळणावर नांगर कधी चालला नाही, तूच सांगितलंयस. आणि तो शेतमालक माणूस, मुंबई सोडली ती सोडली. तो कशाला जपेल एक पैसा? जपेल तो गाडीवाला. त्याचं घर होतं तिकडे."

माझा आवाज चढला होता. मिलिंद बाहेरच्या खोलीतून डोकावून गेला. पलीकडून बेव्हचं ते घोगरं हसू ऐकू आलं. "ब्लडी हेल. यू साउंड लाइक फिल."

मी खुर्चीवर बसले आणि तू गेल्यापासून पहिल्यांदाच नीट रडले. बेव्हने फोन ठेवला नाही. रडून झाल्यावर तिने विचारलं, "मग काय करायचं म्हणतेस?" मी म्हणाले, त्या वळणावर मेंढ्या फिरतात, ते मला बरं वाटत नाही.

गेल्या शनिवारी आम्ही गेलो. मी, मिलिंद, आणि तुझं घर आवरायला थांबलेला नील. बेव्हने लोखंडी खुंट आणि तार काढून ठेवली होती. मिठाचे ठोकळे तिने आधीच वरच्या रानात हलवले होते. नीलने आयुष्यात घण धरला नसावा. पहिला खुंट त्याने तिरका ठोकला, बेव्हने तो उपटायला लावला, दुसरा सरळ गेला. त्याने मला विचारलं, "मॉम यूज्ड टू डू दिस? हिअर? एव्हरी वीक?" मी म्हणाले, दर आठवड्याला नाही रे, पण यायची, आणि तू कशी गुडघ्यावर बसायचीस ते त्याला करून दाखवलं. तो बघत राहिला. मग तसाच बसला, काळ्या मातीवर हात ठेवून, बराच वेळ.

तार ओढून झाल्यावर बेव्हने विचारलं, फाटक ठेवायचं का. मेंढ्या तर आत जायच्या नाहीत, मग येणार कोण? नील उठत उठत म्हणाला, "वी विल." तेव्हा दोन खुंटांमध्ये एक माणूस जाईल एवढं फाटक ठेवलं.

तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही, फिलू. पुरावा नाहीच. कुंपण मात्र पक्कं झालंय, मी प्रत्येक खुंट हलवून पाहिला.